रुईच्या पुढं लागलेले दिवे

भागिरथी गाडी चालवायला शिकली तेव्हा ती आजी झालेली होती. मिरजगावच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिच्या मागंपुढं सगळी कॉलेजची पोरं. शिकवणारा हर्षल तर तिच्या निम्म्या वयाचा. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "मावशी, कुणाला शिकायचंय? सुनेला का?"

"मला," ती म्हणाली, आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून बसली.

हौस म्हणून ती शिकायला गेली नव्हती. हौस तिच्या नवऱ्याची होती. कोंडीरामनं साखर कारखान्याच्या गोदामात उभी हयात काढली, निवृत्त झाल्यावर एक जुनी डिझेल गाडी घेतली, आणि ती धड फिरवून व्हायच्या आत त्याच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा नगरला डायलिसिस. मुलगा प्रवीण चाकणच्या कंपनीत. त्याला तरी रजा किती मिळणार? मग एसटी. एकदा परतीच्या एसटीत उभं राहावं लागलं, कोंडीरामला भोवळ आली आणि तो लोकांच्या पायांत पडला. कंडक्टरनं पाणी मारलं, कुणीतरी जागा दिली, सगळं खरं. पण त्याची टोपी पायदळी आलेली भागिरथीनं पाहिली. दारात उभी असलेली गाडी तिला त्या संध्याकाळी पहिल्यांदा आपल्या उपयोगाची वाटली. शाळेतलं खिचडी शिजवायचं काम तिनं जावेकडं सोपवलं आणि शिकायला गेली.

वस्तीतली माणसं आधी विहाराच्या कट्ट्यावर बसून गंमत बघायची. गाडी मागं घेताना तिनं एकदा हापशाचा कठडा पाडला, तेव्हा तर महिनाभर विषय पुरला. पुढं त्याच माणसांनी "ताई, नगरला चाललात तर एवढं औषध आणा" म्हणून चिठ्ठ्या द्यायला सुरुवात केली.

गाडी मात्र तिच्यासारखीच उतारवयाला आलेली. चावी फिरवली की समोरचे सगळे दिवे लागायचे आणि विझायचे. दोन पिवळे तेवढे विझायचे नाहीत. गॅरेजवाला म्हणाला होता, "जुन्या गाडीत असले दिवे राहतातच. गाडी चालते ना? मग झालं." प्रवीणनं त्या दोन्हींवर काळी चिकटपट्टी लावून टाकली, आईला उगाच धास्ती नको म्हणून. भागिरथीला ते कधी पटलं नाही. हर्षलनं शिकवताना एकच गोष्ट तिच्याकडून घोकून घेतली होती: पिवळा दिवा लागला तर गॅरेजला जायचं, लाल लागला तर थांबायचं. पण न विझणारे दिवे रोज डोळ्यांसमोर असले की माणूस त्यांच्याकडं बघायचं सोडतो, मग पट्टी असो वा नसो. तिचंही तेच झालं.

मार्च संपत आला होता. त्या दिवशी दुपारी डायलिसिस उरकून दोघं नगरहून निघाले. कोंडीराम मागच्या सीटवर डाव्या दाराला टेकून बसला होता. त्याचा उजवा हात मांडीवरच्या पांढऱ्या टॉवेलावर. डाव्या हातावर डायलिसिससाठी जोडलेली शीर पहिल्याच वर्षी बंद पडली, म्हणून उजव्या हाताला दुसरं ऑपरेशन करून शीर जोडलेली. सुया तिथंच टोचायच्या. रोज सकाळी भागिरथी त्या जागेवर बोट ठेवायची. आत थरथर लागायची, पिठाच्या गिरणीच्या भिंतीला हात लावल्यावर लागते तशी. ती लागली की दिवस सुरू.

रुईछत्तीशी मागं पडली. ऊन रस्त्यावर नाचत होतं. एसी चालू होता, कारण डायलिसिसनंतर कोंडीरामचं बीपी उतरायचं आणि उकाड्यात तो कोमेजायचा. तेवढ्यात बॉनेटखाली फट्‌कन आवाज झाला, जसा कुणी ओला चाबूक पत्र्यावर मारावा. त्याबरोबर समोर बॅटरीचं चित्र लाल उमटलं.

"काय झालं गं?" कोंडीरामनं डोळे न उघडता विचारलं.

"काय न्हाई. दगड उडला असल."

पण लाल दिवा म्हणजे थांबायचं. थांबायचं कुठं? डावीकडं मुरमाची अरुंद पट्टी, तिच्यापलीकडं चर, सावलीचं झाड दृष्टीला पडत नव्हतं. मागं मालट्रक लागलेला. तिनं काचेपाशी अडकवलेल्या फोनवरून प्रवीणला लावला. तो मशीनजवळ असावा. आवाजात धडधड मिसळलेली.

"बॅटरीचा दिवा लागलाय रं लाल."

"दुसरं काही? गाडी चालतेय ना?"

"चालतीया."

"मग चार्जिंग होत नसेल. घाबरू नकोस. एसी बंद कर, गाडी बंद करू नकोस, सावकाश घरी ये. मी संध्याकाळी हर्षलशी बोलतो."

तिनं एसी बंद केला. तसाही आतून गरम वाराच यायला लागला होता. स्टिअरिंग जड झाल्याचं तिनं प्रवीणला सांगितलं नाही. तिला वाटलं, आपलेच हात भरून आले. पहाटेपासून उठलेली, डबा, औषधं, दवाखान्यातलं ताटकळणं. हात भरून येणारच. यंत्र बिघडलं असेल हे तिच्या मनात आधी आलंच नाही.

थोडं पुढं गेल्यावर हँडब्रेकचा लाल दिवा लागला. तिनं हात खाली घालून चाचपलं. दांडा खालीच होता. पाठोपाठ पिवळं कसलंसं वर्तुळ. कालपर्यंत ओळीत विझलेली चित्रं एकामागून एक जागी होत होती.

"अवो, दिवं लागायलेत सगळं. थांबते मी."

"हितं?" कोंडीरामनं डोळे उघडून बाहेर पाहिलं. "हितं उनात भाजून मरायचं का? घोगरगाव आलंच की आता. हाटेलापशी लिंब हाय, तितं थांब. गाडी चालतीया तवर चालव."

बोलणं चुकीचं नव्हतं, तेच अवघड होतं. थांबलं तर उन्हात तापलेल्या पत्र्यात बसायचं, आणि बीपी उतरलेला माणूस मागं. चालवत राहिलं तर समोर हे लाल डोळे. तिनं दोन्ही मुठी आवळून गाडी डाव्या कडेनं हळू चालवायला सुरुवात केली आणि नजर उष्णतेच्या काट्यावर ठेवली. काटा नेहमी मधोमध असायचा. आता तो वर सरकत होता. लिंबापर्यंत पोचू, एवढंच ती मनाशी म्हणत होती.

रस्त्याचं काम चाललं होतं तिथं डांबर तुटून खडी लागली. वळण घ्यायला तिनं स्टिअरिंग फिरवलं तर ते फिरेना. अंगाचा सगळा भार टाकला, तेव्हा एकदम फिरलं आणि गाडी उजवीकडं, समोरून येणाऱ्या ट्रकच्या अंगावर गेली. भोंगा कानात घुसला. तिनं कशीबशी गाडी परत ओढली. मागं कोंडीराम झटक्यानं पुढं आला आणि पडू नये म्हणून त्यानं तिच्या सीटची पाठ उजव्या हातानं धरली.

"लागलं का?"

"न्हाई. तू म्होरं बघ."

ती पुढं बघत राहिली. काटा लाल रेषेला टेकला, थर्मामीटरचं लाल चित्र लागलं आणि कसलीशी टिकटिक वाजायला लागली. दूरवर हॉटेलचा पत्रा चमकत होता. लिंब दिसत होता.

"भागे," मागून कोंडीरामचा आवाज आला, अगदी साधा. "हाताला ओलं लागतंय गं."

"बाटलीचं झाकन सैल असल."

म्हणता म्हणता तिनं आरशात पाहिलं. मांडीवरचा पांढरा टॉवेल पांढरा राहिला नव्हता.

तिनं ब्रेकवर पाय दाबला. ब्रेकही दगडासारखा. दोन्ही पायांनी दाबून तिनं गाडी मुरमावर घेतली, चावी बंद केली, हँडब्रेक ओढला, आणि मागचं दार उघडलं. सुईच्या जागेवरची पट्टी सरकली होती. वरच्या छिद्रातून रक्त उसळत होतं, नळाला बारीक भोक पडावं तसं. डायलिसिसमध्ये रक्त पातळ राहायचं औषध देतात, ते अजून त्याच्या अंगात होतं. तिनं टॉवेलाचा कोरडा कोपरा घेतला आणि दाबून धरला.

"फोन," ती म्हणाली. तिचा फोन पुढं काचेपाशी लटकत होता. हात सोडला तर रक्त, न सोडला तर फोन नाही. "तुमचा फोन कुटं हाय? खिशात? डाव्या हातानं काढा. पूजाताईला लावा."

पूजा म्हणजे डायलिसिसच्या खोलीतली मुलगी, मशीनवर रोज तीच असायची. कोंडीरामनं डाव्या अंगठ्यानं नंबर शोधला. पहिल्यांदा भलतीकडंच लागला. दुसऱ्यांदा पूजानं उचलला, तसा त्यानं फोन भागिरथीच्या कानाला लावला.

"पूजाताई, रगत थांबंना! वरच्या सुईतनं!"

"मावशी, ऐका. तुम्ही कशावरून दाबताय? टॉवेल? जाड टॉवेल काढा, तो नुसता रक्त पितो. स्वच्छ रुमाल आहे? त्याची छोटी घडी, बरोबर छिद्रावर, आणि दोन बोटं. नेमकं तिथंच. हात छातीच्या वर उचलून धरा. थांबलं का ते बघायला बोटं उचलायची नाहीत. काही झालं तरी नाही. कुठं आहात तुम्ही?"

"रुईच्या पुढं. घोगरगावच्या अलीकडं. गाडी बंद पडलीया."

"मी एकशे आठला लावते. बाबांना बोलतं ठेवा."

भागिरथीनं डाव्या हातानं आपल्या ब्लाऊजमधला रुमाल काढला, दातांत धरून घडी घातली आणि बोटं टेकवली. बोटांखाली गरम गरम लागत होतं. त्याच वेळी बॉनेटच्या फटींतून पांढरे लोट यायला लागले.

"जळाया लागली का गं गाडी?" कोंडीरामनं विचारलं.

तिनं नाकानं हुंगलं. गोडसर, उकळल्यासारखा वास होता. रबराचाही होता, पण जळक्या वायरीचा नव्हता. वाफ असावी. असावी, पण नसली तर? त्याला बाहेर काढायचं तर बोटं सुटणार. आणि हा माणूस उन्हात चार पावलं चालणार नाही. तिनं एका क्षणात ठरवलं आणि त्याला चिकटून सीटवर बसली.

"वाफ हाय नुसती. बोला काय तरी."

"काय बोलू?"

"प्रवीणच्या लग्नात कोन कोन नाचलं, सांगा."

"तुझा भाऊ नाचला. त्याची टोपी... पडली." तो थांबला. "तान लागलीया."

"आनि कोन?"

"समदंच नाचलं की."

त्याच्या ओठांचा रंग जात होता. एक मोटार वेग कमी करून गेली. दुचाकीवरचा एकजण वाफेकडं बघत बघत पुढं निघून गेला. भागिरथीनं दारातून हाका मारल्या, पण गाड्यांच्या आवाजात त्या तिच्याच कानांवर येईनात. तिला रडू आलं नाही. राग आला, कुणावर ते तिलाही सांगता आलं नसतं. लिंबापर्यंत जायचं आपण का मान्य केलं, पहिला लाल दिवा लागला तेव्हाच का नाही थांबलो, हे सगळं तिच्या डोक्यात एकदम घुमत होतं, आणि बोटं मात्र आपल्या जागी दगडासारखी होती.

मग मागून ट्रॅक्टरचा आवाज आला. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, त्यावर सुंभाच्या बाजा, भांडी, कोंबड्यांची खुराडी, बोचकी आणि माणसं. कारखान्याचं गाळप थांबून पट्टा पडला होता; हंगाम संपवून ऊसतोडीवाले आष्टीकडं आपल्या गावाला निघाले होते. पुढच्या ट्रॉलीत बोचक्यावर बसलेल्या बाईनं उघडं दार पाहिलं, वर धरलेला लाल हात पाहिला आणि ट्रॉलीचा पत्रा बडवायला सुरुवात केली.

"गोरक्ष्या! उभा कर! उभा कर आधी!"

ट्रॅक्टर थोडा पुढं जाऊन थांबला. बाई चालता चालताच पदर खोचून आली. पन्नाशीची, उन्हानं रापलेली, मनगटावर कोयत्याचा जुना वण. झुंबरबाई तिचं नाव, हे नंतर कळलं.

"काय झालं ओ बाई?"

"डायलिसिसचा हात हाय. दाबून धराया सांगितलंय. ॲम्बुलन्स येतीया."

"धर मंग. तू हालू नको. बाकीचं आमी बघतो."

तिनं पाठीमागं वळून दोन हाका मारल्या. तीन-चार बायका आणि दोन गडी उतरले. झोपडीवजा कोपीवर टाकायचा काळा प्लास्टिकचा कागद ट्रॉलीतून निघाला. एक टोक गाडीच्या टपावर दगडांनी दाबलं, दुसरं दोन बायकांनी हातांत धरलं, आणि त्या उघड्या माळावर कोंडीरामच्या अंगावर सावली आली. झुंबरबाईनं फडक्याचा तुकडा भिजवून त्याच्या कपाळावर ठेवला.

"पानी पाजू का ह्यांला?"

"ओठ तेवढे भिजवा. त्यांला लई पानी चालत न्हाई," भागिरथी म्हणाली.

पुढं ट्रॅक्टरचा ड्रायव्हर गोरक्षनाथ बॉनेट उघडून आत वाकला होता. पुढची काच बॉनेटनं झाकली होती, पण दाराच्या फटीतून तिला त्याचा हात दिसला. फडकं गुंडाळून तो रेडिएटरच्या झाकणाकडं चालला होता.

"झाकन उघडू नका!" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की कोंडीरामनंही डोळे उघडले. "उकळतंय ते! तोंडावर येईल समदं!"

गोरक्षनाथ दचकून मागं सरला. "बरं झालं बोललात, ताई," तो दाराशी येऊन म्हणाला. "पट्टा तुटलाय तुमचा. चिंध्या झाल्यात. त्याच पट्ट्यावर पान्याचा पंप, चार्जिंग, स्टिअरिंग, समदं फिरतं. एक तुटला की सगळंच बसलं."

भागिरथीनं ऐकलं, पण तिला त्या घडीला पट्ट्याचं काही वाटलं नाही. बोटांखाली आता नुसती ऊब होती. ओल वाढत नव्हती. बघावं असं हजार वेळा वाटलं. बोटं उचलली नाहीत. तिचा दंड मुंग्या येऊन बधिर झाला तेव्हा झुंबरबाईनं खालून तिच्या कोपराला आपला तळवा लावला आणि तसाच धरून ठेवला.

ॲम्बुलन्स आली. डॉक्टर तरुण होता, त्यानं बीपी घेतलं, भुवया वर केल्या, पटकन सलाईन लावलं, मग भागिरथीला म्हणाला, "आता सोडा, मी बघतो." तिची बोटं सरळच होईनात. त्यानं घडी उचलली. रक्त थांबलं होतं. त्यानं नवी पट्टी बांधली. भागिरथीनं बोट पुसलं आणि पट्टीच्या वरच्या बाजूला, शिरेवर ठेवलं. काही लागलं नाही. तिनं बोट थोडं सरकवलं. लागली. बारीक, पण लागली थरथर. तेव्हा कुठं ती मुरमावर खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली.

"ऊठ बाई, गाडीत बस त्यांच्यासंगं," झुंबरबाईनं तिला दंडाला धरून उठवलं. "चावी दे गोरक्ष्याकडं. आमाला भाकरी खायलाच कुटं तरी थांबायचं हुतं, हितं थांबू. तुजं मानूस येस्तवर गाडीला हात लागत न्हाई कुनाचा."

ओळख ना पाळख. भागिरथीनं चावी दिली. ॲम्बुलन्समधून तिनं हर्षलला फोन केला. तो मेकॅनिक घेऊन पोचला तेव्हा सगळी मंडळी गाडीच्या सावलीला बसलेली होती, आणि गोरक्षनाथनं येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसावं म्हणून मागं दगडांची रांग लावून ठेवली होती.

कोंडीरामला नगरच्या दवाखान्यात दोन दिवस ठेवून घेतलं. प्रवीण चाकणहून थेट तिथं आला. आधी बापाजवळ बसला, मग बाहेरच्या बाकावर आईजवळ.

"आई, स्टिअरिंग जड झालंय हे तू मला बोललीच नाहीस. बोलली असतीस तर मी म्हणालो असतो, तिथंच थांब."

"मला वाटलं, माजंच हात थकल्यात."

तो म्हणाला, "आता ही गाडी काढून टाकू. भाड्याची लावून देतो महिन्यावर."

भाड्याची गाडी लागली. भागिरथी मागं नवऱ्याशेजारी बसून गेली, आली. ड्रायव्हर पोरगा चांगला होता, पण एसी परवडत नाही म्हणायचा, आणि डायलिसिसला उशीर झाला की बाहेरून फोन करत राहायचा. एकदा तर दोघांना दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसवून दुसरं भाडं मारून आला. त्या दिवशी घरी आल्यावर भागिरथी हर्षलकडं गेली. गाडी त्याच्याकडंच उभी होती; नवा पट्टा बसला होता, तापलेल्या इंजिनाचं नशीब बरं, मोठं काही गेलं नव्हतं. ती म्हणाली, "ते दोन पिवळे दिवे का लागत्यात ते बी बघायचं. इझल्याबिगर मी गाडी न्हेनार न्हाई." मेकॅनिकनं कुरकुर केली. दोन दिवस लागले. एकाची वायर उंदरानं कुरतडली होती. दुसऱ्याचं एक छोटं यंत्र बदलावं लागलं. चिकटपट्टी काढून तिनं चावी फिरवली. सगळे दिवे लागले आणि सगळे विझले. ती दोनदा बंद-चालू करून बघत बसली.

पहिल्या फेरीला परतताना रुईच्या पुढं रस्त्याचं काम अजून चालूच होतं. खडीवर गाडी घालताना तिनं दात आवळले. कोंडीराम आता पुढच्या सीटवर बसला होता, उजवा हात तिच्या बाजूला, बाही वर सारलेली, पट्टी तिला दिसेल अशी. मागं बसायला त्यानंच नकार दिला होता.

"बघू नको माज्याकडं सारखी," तो म्हणाला. "म्होरं बघ."

"दोनीकडं बघते."

घोगरगाव आलं तसा तिचा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. तिनं हॉटेलपाशी, लिंबाखाली गाडी उभी केली, बंद केली, आणि मगच उचलला.

"मी झुंबरबाई बोलते, आष्टीकडली. नंबर तुमच्या त्या हर्षलनं देल्ता. म्हातारा कसा हाय बाई तुजा?"

कोंडीरामला ते ऐकू गेलं. त्यानं डाव्या हातानं फोन मागून घेतला.

"म्हातारा कोनाला म्हन्ती गं?" तो म्हणाला. पलीकडून हसण्याचा आवाज आला, मग लांबलचक चौकशी. तो उत्तरं देत होता, हात कसा आहे, जेवण काय चालतं, पाणी किती प्यायचं. भागिरथी दार उघडून खाली उतरली, बॉनेटवर हात ठेवून बघितला, किती तापलंय ते, आणि त्याचं बोलणं संपायची वाट बघत सावलीत उभी राहिली.